'शिंका' आणि 'सुगाता' : पोकेमॉन या जपानी व्हिडिओ खेळातील उत्क्रांतीच्या संकल्पनेचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश

१९९६ साली जपानमध्ये प्रकाशित झालेल्या 'पॉकेट मॉन्स्टर्स' अर्थात पोकेमॉन या खेळातील प्राणी विशिष्ट परिस्थितीत आपले रूप बदलतात. या बदलाला खेळात 'उत्क्रांती' असे नाव आहे. जीवशास्त्राच्या दृष्टीने हे नाव चुकीचे ठरते, कारण उत्क्रांती एकट्या प्राण्याची होत नसून पिढ्यान्पिढ्यांच्या जीवसमूहाची होते. तथापि ही चूक आहे एवढे सांगून इतिहासाच्या अभ्यासकाचे काम संपत नाही. हा शब्द जपानी भाषेत कोणत्या काळात, कोणत्या अर्थाने रुजला, खेळातील बदलामागे कोणती लोकपरंपरा आहे आणि १९९६ ते २०२२ या काळात खेळातील संकल्पना कशी बदलत गेली, यांचा मागोवा प्रस्तुत शोधनिबंधात घेतला आहे.

बीजशब्द : पोकेमॉन, उत्क्रांती, रूपांतरण, मेजी काळ, कीटक-संग्रह, संकल्पनांचा इतिहास.

१. प्रस्तावना

इतिहासलेखनाची साधने म्हणून शिलालेख, ताम्रपट, दप्तरे, नाणी यांचा विचार आपल्याकडे प्रदीर्घ काळ होत आला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्रपट, जाहिराती, खेळणी यांसारख्या लोकसंस्कृतीच्या अवशेषांनाही साधनांचे स्थान मिळाले. व्हिडिओ खेळ हे याच मालिकेतील अलीकडचे साधन होय. लहान मुलांचा खेळ म्हणून त्याकडे दुर्लक्ष करणे सोपे आहे. परंतु एखाद्या समाजातील रूढ कल्पना अनेकदा गंभीर ग्रंथांपेक्षा खेळांतच अधिक मोकळेपणाने प्रकट होतात. सापशिडीच्या पटावर पापपुण्याच्या कल्पना कोरलेल्या असतात, हे आपणांस ठाऊक आहेच.

पोकेमॉनची निवड येथे दोन कारणांनी केली आहे. पहिले, या खेळाचा प्रसार प्रचंड आहे. १९९६ मधील १५१ प्राण्यांची यादी २०२४ पर्यंत १०२५ वर पोहोचली आणि दूरचित्रवाणी मालिका, पत्ते व चित्रपट यांद्वारे ती जगभर गेली. भारतातील शहरी मुलांनाही ती परिचित आहे. दुसरे, विज्ञानाच्या इतिहासातील एका अत्यंत वादग्रस्त संज्ञेला या खेळाने मध्यवर्ती स्थान दिले. आज महाविद्यालयात येणाऱ्या काही विद्यार्थ्यांनी 'उत्क्रांती' या अर्थाचा शब्द पाठ्यपुस्तकाआधी या खेळातून ऐकलेला असण्याची शक्यता आहे. त्यामुळे या शब्दाने खेळात नेमके काय केले, हे पाहणे अध्यापकांच्या दृष्टीनेही महत्त्वाचे ठरते.

२. उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) उत्क्रांतीवाचक जपानी शब्दाचा पूर्वेतिहास पाहणे, (२) खेळाच्या निर्मितीमागील कीटक-संग्रहाच्या परंपरेचा शोध घेणे, (३) खेळाच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत ही संकल्पना कशी बदलत गेली याचे कालानुक्रमे विवेचन करणे, (४) या विवेचनाचा इतिहासाच्या अध्यापनाशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून खेळाच्या प्रकाशित आवृत्त्या हे प्राथमिक साधन मानले आहे. प्राण्यांची नावे भारतीय प्रेक्षकांस परिचित असलेल्या इंग्रजी आवृत्तीप्रमाणे दिली आहेत.

३. 'शिंका' : शब्दाचा पूर्वेतिहास

उत्क्रांतीसाठी जपानी भाषेत 'शिंका' हा शब्द वापरला जातो. तो दोन चिनी अक्षरांचा सामासिक शब्द असून पहिल्या अक्षराचा अर्थ 'पुढे जाणे' आणि दुसऱ्याचा 'बदलणे' असा आहे. म्हणजेच, बदल हा पुढे नेणाराच असतो, ही सूचना शब्दाच्या घडणीतच आहे. डार्विनच्या सिद्धांताला अशी दिशा अभिप्रेत नाही. त्या सिद्धांतानुसार परिस्थितीशी जुळवून घेणारे जीव टिकतात. ते आधीच्यांपेक्षा श्रेष्ठ असतातच असे नाही. गुहेत राहणाऱ्या माशाची दृष्टी नष्ट होणे हीदेखील उत्क्रांतीच होय.

जपानमध्ये हा सिद्धांत पोहोचला तो मेजी काळात (१८६८–१९१२). अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड मोर्स हे ब्रॅकिओपॉड या शिंपल्यासारख्या सागरी प्राण्यांच्या अभ्यासासाठी १८७७ साली जपानला आले आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या टोकियो विद्यापीठात प्राणिशास्त्राचे अध्यापक झाले. ओमोरी येथील प्रागैतिहासिक शिंपल्यांच्या ढिगाऱ्याचे त्यांनी केलेले उत्खनन जपानी पुरातत्त्वविद्येचा आरंभ मानले जाते. त्यांनी दिलेली उत्क्रांतिविषयक व्याख्याने त्यांचे विद्यार्थी इशिकावा चियोमात्सु यांनी १८८३ मध्ये जपानी भाषेत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. या ग्रंथाच्या नावातच 'शिंका' हा शब्द आहे.

तथापि हा विचार प्राणिशास्त्राच्या वर्गापुरता मर्यादित राहिला नाही. त्याच सुमारास हर्बर्ट स्पेन्सर यांच्या ग्रंथांचे जपानी अनुवाद मोठ्या संख्येने होत होते आणि समाज पायरीपायरीने प्रगत होतो हा त्यांचा विचार सुशिक्षित वर्गात लोकप्रिय झाला होता. काटो हिरोयुकी यांनी १८८२ मधील आपल्या ग्रंथात निसर्गदत्त मानवी हक्कांचे तत्त्व खोडून काढण्यासाठी उत्क्रांतिवादाचाच आधार घेतला. पाश्चात्त्य राष्ट्रांशी बरोबरी करू पाहणाऱ्या राष्ट्राला 'पुढे जाणारा बदल' ही कल्पना सोयीची होती. पुढे ओका आसाजिरो यांच्या १९०४ मधील सुबोध ग्रंथामुळे उत्क्रांतीचा विषय सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला.

यावरून असे म्हणता येईल की, जीवशास्त्रीय संज्ञा आणि राष्ट्रोन्नतीची घोषणा अशा दोन्ही भूमिका 'शिंका' या शब्दाने आरंभापासून एकाच वेळी वठवल्या. पुढे बोलभाषेत यंत्रे, तंत्र किंवा कौशल्य यांच्या सुधारणेसाठीही तो सहज वापरला जाऊ लागला. पोकेमॉनच्या निर्मात्यांनी तो उचलला तेव्हा त्याला हा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास चिकटलेला होता.

४. कीटक-संग्रहाची परंपरा

खेळातील बदलाचे दुसरे मूळ जपानमधील कीटकप्रेमाच्या परंपरेत आहे. हेयान काळाशी निगडित असलेल्या 'त्सुत्सुमी चूनागोन मोनोगातारी' या कथासंग्रहात कीटकांवर प्रेम करणाऱ्या एका सरदारकन्येची कथा येते. इतर मुली फुलपाखरांवर लुब्ध असताना ही कन्या सुरवंट गोळा करून पेटीत ठेवते आणि ते कसे बदलतात हे पाहते. संग्रह करणे आणि बदलाची वाट पाहणे या पोकेमॉनमधील दोन मूलभूत क्रिया या कथेत एकत्र आढळतात, ही बाब लक्षणीय आहे.

एदो काळात (१६०३–१८६८) गाणाऱ्या रातकिड्यांची पिंजऱ्यांतून विक्री होत असे. नागाशिमाचे सरदार मासुयामा सेस्साई यांनी कीटकांची अतिशय सूक्ष्म चित्रे रेखाटली. त्यासाठी प्राण गमावलेल्या कीटकांच्या स्मरणार्थ त्यांच्या मृत्यूनंतर १८२१ मध्ये उभारलेला शिलास्तंभ आजही टोकियोतील कानएइजी मंदिराच्या आवारात पाहावयास मिळतो. आधुनिक काळात शाळेच्या उन्हाळी सुट्टीत भुंगेरे व फुलपाखरे पकडून त्यांचा संग्रह करणे हा मुलांचा नित्याचा उपक्रम झाला.

या परंपरेला विसाव्या शतकात एक ग्रंथ येऊन मिळाला. फ्रेंच कीटकशास्त्रज्ञ झाँ आंरी फाब्र यांच्या कीटकविषयक ग्रंथमालेच्या पहिल्या खंडाचा अनुवाद ओसुगी साकाए यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केला आणि फाब्र हे जपानी बालवाचकांचे आवडते लेखक बनले. विशेष म्हणजे डार्विनच्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'चा एक अनुवादही ओसुगी यांनीच १९१४ मध्ये केला होता. स्वतः फाब्र मात्र डार्विनच्या सिद्धांताचे टीकाकार होते. उत्क्रांतीचा पुरस्कर्ता आणि तिच्याविषयी शंका घेणारा कीटकनिरीक्षक असे दोघेही जपानी वाचकांना एकाच अनुवादकाच्या हातून मिळावेत, हा योगायोग सूचक आहे.

अळीपासून कोश आणि कोशातून फुलपाखरू या बदलाला जीवशास्त्रात रूपांतरण म्हणतात. जपानी शास्त्रीय परिभाषेत त्यासाठी 'हेन्ताई' हा शब्द आहे. परंतु बोलभाषेत त्याच शब्दाला विकृतीसूचक अर्थ प्राप्त झाल्याने मुलांच्या खेळात तो वापरण्याजोगा उरलेला नाही. 'शिंका' या शब्दाला असा कोणताही डाग नाही. उलट त्याला प्रगतीचे तेज आहे.

५. सातोशी ताजिरी आणि खेळाची निर्मिती

पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी यांचा जन्म १९६५ चा. त्यांचे बालपण टोकियोच्या परिसरातील माचिदा येथे गेले. तेथील शेते, तळी व झाडी यांत कीटक पकडण्याचा त्यांना छंद होता. जपानच्या आर्थिक भरभराटीच्या त्या दशकांत ही मोकळी जागा झपाट्याने घरे आणि रस्ते यांखाली गेली. किशोरवयात ताजिरी व्हिडिओ खेळांकडे वळले, १९८३ मध्ये त्यांनी 'गेम फ्रीक' हे हस्तलिखित स्वरूपाचे नियतकालिक सुरू केले आणि चित्रकार केन सुगिमोरी यांच्या सहकार्याने १९८९ मध्ये त्याच नावाची कंपनी स्थापन केली.

१९८९ मध्येच निन्टेंडो कंपनीने 'गेम बॉय' हे हातात धरून खेळण्याचे यंत्र बाजारात आणले. दोन यंत्रे तारेने जोडण्याची सोय त्यात होती. त्या तारेवरून कीटक एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात सरपटत जात आहेत, अशी कल्पना आपल्याला सुचली, असे ताजिरी यांनी पुढे मुलाखतीत सांगितले आहे. शहरी मुलांना कीटक पकडण्याचा जो आनंद दुर्मीळ झाला, तो त्यांना परत मिळावा हा त्यांचा हेतू होता. दीर्घ परिश्रमांनंतर २७ फेब्रुवारी १९९६ रोजी 'रेड' व 'ग्रीन' या दोन आवृत्त्या प्रकाशित झाल्या. काही प्राणी फक्त एकाच आवृत्तीत मिळत असल्याने संग्रह पूर्ण करण्यासाठी मुलांना परस्परांशी देवघेव करावीच लागे.

म्हणजेच या खेळाचा जन्म एका नष्ट झालेल्या भूप्रदेशाच्या आठवणीतून झाला आहे. ही पार्श्वभूमी लक्षात घेतली तर खेळातील 'उत्क्रांती' ही मुळात पेटीत ठेवलेल्या सुरवंटाची गोष्ट आहे, हे ध्यानात येते.

६. १९९६ : एका शब्दाखाली अनेक घटना

पहिल्या आवृत्तीत बदलाचे तीन मार्ग होते. पहिला मार्ग अनुभवाचा. लढाया जिंकून प्राण्याची पातळी वाढते आणि ठराविक पातळीला त्याचे रूप बदलते. दुसरा मार्ग विशिष्ट खड्यांच्या वापराचा आणि तिसरा देवघेवीचा. या तिसऱ्या मार्गात मॅचोक, कडाब्रा यांसारखे चार प्राणी दुसऱ्या खेळाडूकडे पाठविल्यावरच बदलत. बदल सुरू झाला असता बटण दाबून तो थांबविण्याची मुभाही खेळाडूला होती. नैसर्गिक निवडीत निवड करणारा कोणी नसतो; येथे मात्र निवड खेळाडूच्या हाती आहे. या दृष्टीने पाहता त्याची भूमिका पशुपालकाच्या भूमिकेच्या अधिक जवळ जाते.

हे मार्ग बाजूला ठेवून बदलाच्या आशयाकडे पाहिले असता वेगळेच चित्र दिसते. कॅटरपी ही अळी सातव्या पातळीला मेटापॉड हा कोश होते व दहाव्या पातळीला बटरफ्री हे फुलपाखरू. हे सरळ रूपांतरण आहे. चारमँडर हा लहान सरडा वाढत वाढत चॅरिझार्ड होतो. ही वाढ व प्रौढत्व यांची कथा आहे. स्लोपोकच्या शेपटीला शेल्डर हा शिंपला चिकटल्यावर स्लोब्रो तयार होतो. हे सहजीवन आहे. तीन मॅग्नेमाइट एकत्र येऊन मॅग्नेटॉन होते. ही वसाहत आहे. पॅरस या कीटकाच्या पाठीवरील अळंबी वाढत जाऊन पॅरासेक्टच्या देहाचा ताबा घेते. हे परजीवित्व आहे. निरुपयोगी मॅजिकार्प मासा विसाव्या पातळीला गॅराडॉस हा महाकाय सर्पासारखा जीव बनतो. यामागे धबधबा चढून जाणारा मासा अजगररूपी देवता होतो, ही प्राचीन चिनी आख्यायिका आहे.

रूपांतरण, वाढ, सहजीवन, वसाहत, परजीवित्व आणि आख्यायिका अशा सहा भिन्न गोष्टी 'शिंका' या एकाच शब्दाखाली येतात. त्यांच्यातील समान सूत्र एवढेच की, बहुतेक वेळा प्राणी आधीपेक्षा बलवान होतो. येथे मेजी काळातील 'पुढे जाणारा बदल' हा अर्थ जसाच्या तसा टिकून असल्याचे दिसते.

उलटपक्षी, ज्या कल्पना खऱ्या अर्थाने उत्क्रांतिशास्त्राच्या आहेत त्या खेळात असूनही त्यांना हे नाव नाही. जीवाश्मांपासून पुन्हा जिवंत केलेले कबुटो व ओमनाइट, तसेच सर्व प्राण्यांची जनुकीय सामग्री ज्यात आहे असे मानले जाते तो म्यू, यांतून नामशेष जीव व समान पूर्वज या कल्पना सूचित होतात. एकाच ईव्हीपासून तीन खड्यांमुळे तीन वेगळे प्राणी निर्माण होणे हा एकमेव अपवाद. त्यात शिडीऐवजी फांद्यांचे चित्र प्रथमच दिसते.

७. १९९९ ते २०१३ : परिस्थितीचा प्रवेश

नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रकाशित झालेल्या 'गोल्ड' व 'सिल्व्हर' आवृत्त्यांत १०० नवे प्राणी आले आणि खेळात काळाचे भान आले. ईव्हीचा खेळाडूशी स्नेह जमला की ती दिवसा एस्पिऑन व रात्री अम्ब्रिऑन होऊ लागली. बदलाचे कारण केवळ बळ न राहता संबंध व परिसर हेही कारण झाले. प्राण्यांची अंडी व आनुवंशिकता यांचा समावेशही याच आवृत्त्यांत झाला. मात्र या दोन्ही यंत्रणा परस्परांपासून अलग राहिल्या. पिढ्यांचा संबंध 'शिंका'शी जोडला गेला नाही.

२००२ मधील 'रूबी' व 'सफायर' या आवृत्त्यांत वर्म्पल ही अळी दोनपैकी कोणत्या कोशात जाणार, हे एका अदृश्य आकड्यावर ठरते आणि त्यावर खेळाडूचे नियंत्रण नाही. प्रगतीच्या कथेत यदृच्छेला मिळालेले हे स्थान महत्त्वाचे आहे. याच आवृत्त्यांतील निंकाडा बदलतो तेव्हा त्याची टाकलेली कात शेडिंजा या नावाने स्वतंत्र जीव बनते. सिकाडा या कीटकाची झाडावर चिकटलेली रिकामी कात ज्याने पाहिली आहे, त्याच्याच मनात ही कल्पना येऊ शकते.

२००६ मधील 'डायमंड' व 'पर्ल' यांत बर्मी ही काडीपानांत राहणारी अळी अवतरली. ज्या परिसरात लढाई झाली त्यानुसार ती पाने, वाळू अथवा कचरा यांचे आवरण धारण करते. मादी बदलल्यावरही पंखहीनच राहते, नराला मात्र पंख फुटतात. निसर्गातील अनेक आवरणधारी पतंगांत नेमके असेच घडते. ईव्हीलाही याच वेळी विशिष्ट स्थळी बदलण्याचे दोन नवे मार्ग लाभले.

ही प्रगती एकरेषीय मात्र नव्हती. २०१३ मधील 'एक्स' व 'वाय' या आवृत्त्यांनी 'मेगा शिंका' ही कल्पना आणली. तीत प्राणी केवळ लढाईपुरता बलवान होतो व पुन्हा मूळ रूपात येतो. येथे शब्द जीवशास्त्रापासून सर्वाधिक दूर गेला.

८. २०१६ ते २०२२ : 'सुगाता'चा उदय

नोव्हेंबर २०१६ मधील 'सन' व 'मून' या आवृत्त्या हवाई बेटांवर आधारित अलोला प्रदेशात घडतात. तेथे जुनेच प्राणी नव्या रूपात दिसतात. अन्यत्र अग्नीशी संबंधित असलेला वल्पिक्स अलोलाच्या बर्फाळ पर्वतावर हिमाचा प्राणी झाला. भरपूर ऊन मिळाल्याने एक्झेग्युटर ताडासारखा उंच झाला. रटाटा या उंदराची कथा तर इतिहासाच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. उंदरांची संख्या आटोक्यात आणण्यासाठी बाहेरून यंगूस हा मुंगसासारखा प्राणी आणण्यात आला आणि त्याला टाळण्यासाठी उंदीर निशाचर झाले, असे खेळ सांगतो. यामागे वास्तव इतिहास आहे. उसाच्या मळ्यांतील उंदीर मारण्यासाठी १८७२ मध्ये भारतातून जमैकात मुंगसे नेण्यात आली आणि १८८३ मध्ये जमैकाहून ती हवाईत पोहोचली. वसाहतकालीन मळ्यांच्या अर्थव्यवस्थेचा हा दुवा भारतापासून सुरू होऊन एका जपानी खेळात येऊन पोहोचला आहे.

स्थलांतर, अलगता, भक्षक आणि हवामान यांमुळे एकाच जातीत पडलेला फरक हा डार्विनच्या विचाराच्या अगदी जवळचा आहे. तरीही खेळात त्याला 'शिंका' म्हटलेले नाही. त्याला 'अलोला नो सुगाता', म्हणजे अलोलातील रूप, असे साधे नाव आहे. प्रस्तुत अभ्यासातील हे सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण होय. खेळ खऱ्या उत्क्रांतीच्या जवळ पोहोचला तेव्हा उत्क्रांती हा शब्द आधीच दुसऱ्या अर्थाने अडकून पडला होता.

२०१९ मधील 'सोर्ड' व 'शील्ड' या आवृत्त्यांत कोर्सोला हे गुलाबी प्रवाळ पांढऱ्या प्रेतरूपात आले. प्राचीन हवामानबदलामुळे ते नष्ट झाल्याचे खेळ सांगतो. २०२२ मधील 'स्कार्लेट' व 'व्हायोलेट' यांत विगलेट हा डिगलेटसारखा दिसणारा, परंतु त्याच्याशी नाते नसलेला स्वतंत्र प्राणी आला. भिन्न कुळांतील जीव सारखे दिसू लागणे म्हणजे अभिसारी उत्क्रांती. तीही 'शिंका' या नावाविनाच खेळात अवतरली.

याच वर्षी जानेवारीत प्रकाशित झालेला 'लेजेंड्स : आर्सिअस' हा खेळ तर भूतकाळातच घडतो. त्यातील हिसुई प्रदेशाची रचना मेजी काळात वसाहत झालेल्या होक्काइदो बेटावर बेतली आहे आणि प्राण्यांची पहिली नोंदवही तयार करणारे लॅव्हेंटन हे परदेशातून आलेले प्राध्यापक आहेत. एडवर्ड मोर्स यांच्यासारख्या परदेशी अध्यापकांची आठवण यावी असेच हे पात्र आहे. येथे प्राणी नुसता पकडून भागत नाही. त्याच्या सवयींचे वारंवार निरीक्षण केल्यावरच नोंद पूर्ण होते. ज्या काळात 'शिंका' शब्द जपानमध्ये रुजला, त्याच काळाच्या छायेत हा खेळ अशा रीतीने परतला आहे.

९. बाहेरील प्रतिसाद

१९९८ मध्ये खेळ अमेरिकेत गेला आणि 'शिंका'चे भाषांतर 'इव्होल्यूशन' असे झाले. भाषांतर कोशानुसार अचूक होते. परंतु त्या शब्दामागील वाद जपानी शब्दाला नव्हते. २००१ मध्ये सौदी अरेबियातील धर्मपंडितांनी खेळावर बंदी घालताना घेतलेल्या आक्षेपांत जुगाराबरोबरच उत्क्रांतिवादाच्या प्रसाराचाही समावेश होता. वस्तुतः आक्षेपकांनी ज्या सिद्धांताला विरोध केला, तो सिद्धांत त्या वेळच्या खेळात या नावाने नव्हताच. विरोध झाला तो शब्दाला.

विज्ञानजगताने दुसरा मुद्दा मांडला. अँड्र्यू बॅल्मफर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात ब्रिटनमधील १०९ शालेय मुलांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठ वर्षांची मुले पोकेमॉनमधील सुमारे ७८ टक्के प्राणी ओळखत होती. परिसरातील वास्तव वनस्पती व प्राणी मात्र सुमारे ५३ टक्केच. मुलांची नावे लक्षात ठेवण्याची क्षमता अफाट आहे, निसर्ग त्यांच्यापासून दूर गेला आहे, हा त्याचा आशय. नष्ट झालेल्या तळ्यांची भरपाई म्हणून निर्माण झालेला खेळ त्या तळ्यांच्या विस्मरणाचे माप ठरावा, यातील विसंगती विचार करायला लावणारी आहे.

१०. इतिहासाच्या अध्यापनाच्या संदर्भात

'खेळाने शब्द चुकीचा वापरला' असे म्हणताना इतिहासाच्या अध्यापकांनी आपल्या परिभाषेकडेही पाहणे आवश्यक आहे. 'उत्क्रांती' हा संस्कृत शब्द मुळात 'वर अथवा बाहेर जाणे' या अर्थाचा असून ब्रह्मसूत्रात तो जीवाच्या देहाबाहेर जाण्यासाठी आला आहे. मराठीने तो जीवशास्त्रासाठी स्वीकारला आणि लगोलग समाजशास्त्रे व इतिहास यांतही तो रूढ झाला. 'राज्यसंस्थेची उत्क्रांती', 'लोकशाहीची उत्क्रांती', 'लिपीची उत्क्रांती' असे प्रयोग आपण वर्गात नित्य करतो. या प्रयोगांत अनेकदा आपल्याला अभिप्रेत असते ती शिडी. प्राथमिक अवस्था, मधली अवस्था आणि परिपूर्ण अवस्था. टोळी, राज्य आणि राष्ट्र. कॅटरपी, मेटापॉड आणि बटरफ्री या क्रमाहून ही मांडणी फारशी वेगळी नाही. दोन्हींत शेवटचे रूप आधीच ठरलेले असते आणि मधल्या टप्प्याला स्वतःचे मोल नसते.

अशा मांडणीचे परिणाम केवळ शाब्दिक नसतात. शिडी मान्य केली की काही समाज 'मागे राहिलेले' ठरतात. काटो हिरोयुकी यांनी याच शब्दाच्या साहाय्याने लोकांचे हक्क नाकारले, हे वर पाहिलेच. आदिवासी समाजांच्या इतिहासाचे अध्यापन करताना ही भाषा आपणही कळत-नकळत वापरतो. त्याऐवजी स्थलांतर, परिसर, संपर्क व योगायोग यांतून निर्माण झालेली भिन्न रूपे असा विचार केल्यास प्रत्येक समाजाचा इतिहास त्याच्या परिस्थितीच्या संदर्भात समजून घेता येतो. शिडीच्या जागी फांद्यांचे चित्र ठेवणे एवढा बदलही वर्गातील चर्चेला वेगळी दिशा देऊ शकेल.

११. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

(१) पोकेमॉनमधील 'उत्क्रांती' ही डार्विनप्रणीत उत्क्रांती नसून तीत कीटकांच्या रूपांतरणाचे निरीक्षण आणि मेजी काळातील प्रगतिवाचक 'शिंका' यांचा संयोग झाला आहे.

(२) १९९६ मध्ये या एका शब्दाखाली रूपांतरण, वाढ, सहजीवन, वसाहत, परजीवित्व व आख्यायिका अशा भिन्न कल्पना एकत्र आल्या होत्या.

(३) १९९९ नंतर स्नेह, काळ, स्थळ व यदृच्छा हे घटक टप्प्याटप्प्याने आले. २०१६ नंतर अनुकूलन व अभिसारी उत्क्रांती यांचे चित्रण झाले. मात्र ते 'रूप' अशा अन्य नावाने अथवा नावाविना झाले.

(४) खेळावरील धार्मिक आक्षेप हा मुख्यतः संज्ञेवरील आक्षेप होता. यावरून, संकल्पनेचा इतिहास लिहिताना शब्दाच्या नावापेक्षा त्याच्या प्रत्यक्ष कार्याकडे पाहणे अधिक आवश्यक असल्याचे दिसते.

(५) मराठीतील इतिहासलेखनात 'उत्क्रांती' हा शब्द प्रगतीचा समानार्थी म्हणून वापरला जातो तेव्हा तोच दोष संभवतो. जेथे 'बदल', 'वाढ', 'विस्तार' किंवा 'रूपभेद' अभिप्रेत असेल तेथे तोच शब्द योजावा. उत्क्रांती हा शब्द जेथे खरोखर पिढ्या, परिसर आणि निवड यांचा संबंध असेल तेथेच राखून ठेवावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते.